मांडव : रीस्टार्ट!

लग्न म्हटलं की आपल्याला मेन्यू, मेहंदी आणि फोटो आठवतात. पण ज्यांचं अख्खं वर्ष लग्नाच्या साठ-सत्तर दिवसांवर चालतं, त्यांचे लागोपाठ दोन सीझन बुडाले तर? रेणापूरच्या एका बिछायत केंद्राची ही घरातली गोष्ट.

लग्नाला गेल्यावर तुम्ही मांडवाकडे बघता का? अगदी खरं सांगा! नवरीचा शालू बघता, पनीरची भाजी कशी झालीय ते बघता, डीजे बोअर आहे म्हणून नाकंही मुरडता. पण डोक्यावर जे कापड ताणलेलं असतं, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. ते फक्त वाऱ्यानं उडालं तरच दिसतं.

आमच्या घरात मात्र उलटं. कुठल्याही लग्नात गेलो की आम्ही आधी वर बघतो. झालर धुतलेली आहे का, पाईपला गंज चढलाय का, खुर्च्या कमी पडतायत का... सवयच लागलीय. कारण रेणापुरात आमचं मंडप आणि बिछायत केंद्र आहे. नानांनी सुरू केलं, आता दादा चालवतो. मी पुण्यात एका कंपनीच्या फायनान्स डिपार्टमेंटमध्ये. महिनाअखेरीला पगाराचा एसएमएस आला की माझा मूड एकदम फ्रेश! दादाच्या मोबाइलवर असा एसएमएस आजवर कधी आलेला नाही.

रेणापूर म्हणजे लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलात की लगेचच येणारं तालुक्याचं गाव. रेणुकादेवीचं मंदिर, पिंपळफाट्यावरची वर्दळ आणि चारी बाजूंना सोयाबीन, तूर, ऊस. लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी लातूरच्या गंजगोलाईत जातात. मांडव मात्र गावातलाच लागतो. का? कारण तो उधारीवर मिळतो!

खिसा कधी रिकामा असतो?

हा धंदा बाहेरून झगमगीत दिसतो, पण त्याचं गणित भलतंच आहे. सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पहिल्या मोठ्या पावसाला संपतो. त्यातही खरी गर्दी एप्रिल-मेची. उरलेल्या दिवसांत गणपती, नवरात्र, एखादी सभा, एखादं वास्तुशांतीचं जेवण. बस्स.

गिऱ्हाईक तारीख ठरवताना थोडा ॲडव्हान्स देतं. थोडे पैसे लग्नाच्या दिवशी. आणि उरलेले? 'सोयाबीन झाल्यावर देतो.' म्हणजे मे महिन्यात घातलेल्या मांडवाचे शेवटचे पैसे दिवाळीच्या आसपास हातात येतात. इकडे दादाला फेब्रुवारीतच नवं कापड घ्यावं लागतं, खुर्च्या वाढवाव्या लागतात, पोरांना सीझनची उचल द्यावी लागते. त्यामुळे वर्षात त्याचा खिसा सगळ्यात रिकामा असतो तो मार्चमध्ये. घरात माल ठासून भरलेला, वहीत ऑर्डरी, आणि गल्ल्यात खडखडाट.

आणि लॉकडाऊन आला तो नेमका मार्चमध्ये. २५ मार्च २०२०, देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस. त्या दिवशी गुढीपाडवा होता.

प्रत्येक धक्का वेगळा

आमच्या भागाला धक्के नवे नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा नानांनी होत्या नव्हत्या तेवढ्या सतरंज्या आणि कनाती टेम्पोत भरून तिकडे पाठवल्या. त्या परत आल्या नाहीत. नानांनी त्या मागितल्याही नाहीत. त्या वर्षी आमचा माल गेला, पण गिऱ्हाईक होतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणीच नव्हतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ज्या घरात प्यायला पाणी नाही, त्या घरात पाचशे पानं कोण उठवणार? अनेक लग्नं पुढे ढकलली गेली. माल होता, पोरं होती, गिऱ्हाईक थांबलं होतं.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, तीही ऐन तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. लग्नघरासाठी बँकेतून अडीच लाख काढायची सवलत मिळाली, पण अटींसकट. कुणाला किती रोख देणार याची यादी द्यायची, आणि दहा हजार किंवा जास्त घेणाऱ्याकडून 'माझं बँकेत खातं नाही' असं लिहूनही घ्यायचं! दादाचं तर खातं होतं. म्हणजे त्याला रोख द्यायची सोयच नाही. तेव्हा त्यानं चेक घेतले, उधारी वाढवली आणि सीझन ओढून नेला. काम होतं, फक्त रोकड नव्हती.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की धंदा 'बसला' असं आपण एका शब्दात म्हणून मोकळे होतो. पण काय बसलं? माल, गिऱ्हाईक, रोकड की माणसं? प्रत्येक वेळी मोडलेला खांब वेगळा असतो आणि टेकू त्याच खांबाला द्यावा लागतो. २०२० चा प्रॉब्लेम हा, की चारही खांब एकदम हलले.

एकतीस ॲडव्हान्स

पाडव्यासाठी म्हणून मी लॅपटॉप घेऊन चार दिवस आधीच घरी आले होते. ते चार दिवस पुढे कित्येक महिन्यांचे झाले. दिवसा गच्चीवर रेंज शोधत ऑफिसचं काम आणि रात्री दादाची वही, असा माझा डबल रोल सुरू झाला.

वहीत एप्रिल-मेच्या ३१ लग्नांचे ॲडव्हान्स होते. बेरीज २ लाख ६० हजार. ते पैसे कधीच खर्च झाले होते, नव्या कापडात आणि पोरांच्या उचलीत. आणि आता रोज फोन वाजत होते. कुणी तारीख पुढे नेत होतं, कुणी नुसतंच चौकशी करत होतं. काहींचा आवाज मात्र खाली आलेला असायचा. 'तेवढे पैसे मिळाले असते तर पेरणीला झाले असते...'

घरात यावरून चांगलीच वादावादी झाली. वहिनी म्हणाल्या, "पावतीवर छापलंय की, ॲडव्हान्स परत मिळणार नाही म्हणून. आपण काय बुडवायलोय का कुणाचं?"

दादा म्हणाला, "पावती लातूरच्या प्रेसनं छापलीय. गिऱ्हाईक मी आणलंय."

मग त्यानं त्या ३१ नावांच्या तीन याद्या केल्या. पहिली, ज्यांनी पन्नास माणसांत दारातच लग्न उरकायचं ठरवलं त्यांची. अशी नऊ. त्यांच्याकडे लहान मांडव, मोजक्या खुर्च्या आणि ॲडव्हान्स तिथंच वळता. दुसरी, तारीख पुढे नेणाऱ्यांची. अशी चौदा. त्यांना जुनाच दर, लग्न कधीही करा. तिसरी, ज्यांचं लग्न मोडलं, लांबलं किंवा ज्यांना पैशाचीच नड होती त्यांची. असे आठ जण, ६८ हजार रुपये. हे परत द्यायचे.

एकदम देणं शक्य नव्हतं. मग आधी कुणाला? रोज फोन करून डोकं खाणाऱ्याला? दादाचा नियम साधा होता, "ज्याचा आवाज लहान, त्याचे आधी." मोठ्या आवाजाचे लोक थांबू शकतात, म्हणून तर त्यांचा आवाज मोठा असतो! सगळ्यात शेवटी पैसे मिळाले ते एका बड्या असामीला. त्यांनी बराच त्रागा केला. पण मिळाले.

मोरेटोरियम म्हणजे माफी नव्हे, बॉस!

आता थोडं माझ्या खात्यातलं. दादाच्या डोक्यावर बँकेचं चार लाखांचं कर्ज होतं, दर १२ टक्के. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते मे २०२० साठी हप्ते थांबवायची मुभा दिली, पुढे ती ऑगस्टपर्यंत वाढवली. गावात बातमी अशी फिरली की, 'सहा महिन्यांचे हप्ते माफ!'

माफ काहीच नव्हतं. चार लाखांवर महिन्याला १ टक्का म्हणजे ४ हजार व्याज चढतच होतं, आणि ते व्याज मुद्दलात मिळून त्यावर पुन्हा व्याज. सहा महिन्यांचं सरळ व्याज होतं २४ हजार, चक्रवाढीनं ते झालं २४ हजार ६०८. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी 'व्याजावरचं व्याज' परत करायची योजना आणली. आमच्या हिशोबात त्याचा अर्थ निघाला ६०८ रुपये. बाकीचे २४ हजार आपलेच! म्हणून जून-जुलैत दारातल्या लग्नांचे जे काही पैसे आले, त्यातून दादानं मुभा असतानाही थोडं थोडं व्याज भरलं.

खरा उपयोग झाला तो दुसऱ्या योजनेचा. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या तातडीच्या पतहमी योजनेत, २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज शिल्लक असेल त्याच्या २० टक्के वाढीव कर्ज विनातारण मिळत होतं. हमी सरकारची, बँकेचा दर जास्तीत जास्त सव्वानऊ टक्के, मुदत चार वर्षं आणि पहिलं वर्ष फक्त व्याज. चार लाखांचे २० टक्के म्हणजे ८० हजार. रक्कम छोटी वाटते ना? पण दादाला तेव्हा नेमकी तेवढीच हवी होती. वर्षभर महिन्याला सहाशेच्या आसपास व्याज आणि मग अडीच हजारांच्या आसपास हप्ता, हे त्याला झेपणारं होतं. कागदावर ते 'खेळतं भांडवल' होतं. प्रत्यक्षात त्यातले ४५ हजार ॲडव्हान्स परत करण्यात गेले.

यात एक मेख होती. ही सोय फक्त ज्यांचं बँकेत किंवा फायनान्स कंपनीत आधीच कर्ज होतं, आणि हप्ते फार थकलेले नव्हते, त्यांनाच मिळाली. आमच्याच गल्लीतल्या बँडवाल्यानं सगळं भिशीवर आणि हातउसन्यावर उभं केलेलं. त्याच्या धंद्याला कागदच नव्हता. त्याला ८० हजार सोडा, ८० रुपयेसुद्धा मिळाले नाहीत. त्यानं ट्रम्पेट विकली.

उंदीर, बुरशी आणि शिलाई मशीन

मांडवाचं कापड वापरलं की झिजतं, असं तुम्हाला वाटेल. पण ते न वापरता जास्त खराब होतं. पावसाळ्यात गोदामात ओल आली, पडद्यांना बुरशी धरली, उंदरांनी झालरींची चाळण केली. जनरेटरची बॅटरी मेली. दादा एका रविवारी गोदाम उघडून बराच वेळ तसाच उंबऱ्यावर बसला. कुणाशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोठा जनरेटर विकायला काढला. टेम्पो मात्र ठेवला. कारण साधं, टेम्पो भाड्यानं जाऊन रोज चार पैसे आणू शकतो, जनरेटर नुसताच बसून राहतो. आणि वहिनींनी माळ्यावरची शिलाई मशीन खाली काढली. नवं कापड घ्यायचं नाही, हे ठरलंच होतं. फाटके पडदे कापून लहान मांडवाच्या झालरी, उरलेल्यातून खुर्च्यांची कव्हरं, त्यातूनही उरलेल्यातून पिशव्या. आज त्याच कामावर गल्लीतल्या दोन बायका त्यांच्याकडे येतात. तालुक्यातले दुसरे मंडपवालेही कव्हरं त्यांच्याकडूनच शिवून नेतात.

सावरतंय असं वाटत असतानाच २०२१ आलं. १३ एप्रिलला पाडवा, आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. आठवड्याभरात नियम आला, लग्नाला २५ माणसं, वेळ दोन तास, मोडाल तर ५० हजार दंड. दोन तासांच्या लग्नाला मांडव कोण घालतो? तो सीझन शून्यावर गेला. घर चाललं ते टेम्पोवर, मशीनवर आणि माझ्या पगारावर.

ऑर्डरी आल्या, पोरं कुठायत?

नोव्हेंबर २०२१, तुळशीचं लग्न झालं आणि दोन वर्षं साठलेली लग्नं एकदम फुटली. फोन थांबेना! अर्थशास्त्राच्या पुस्तकात इथं गोष्ट संपते. 'मागणी परत आली.' आमच्याकडे इथं नवा अध्याय सुरू झाला. दादाच्या अकरा पोरांपैकी पाचच परत आली. दोघं चाकणला कंपनीत लागली होती, दोघं ऊसतोडीच्या टोळीत गेली होती. एकानं पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज काढून भाजीचा गाडा टाकला होता आणि एक जण शेतीतच रमला होता. मांडवाचं काम म्हणजे नुसती ओझी उचलणं नव्हे. वारा बघून दोर कुठं ताणायचा हे हाताला कळावं लागतं, आणि ते शिकायला दोन-तीन सीझन जातात.

दादानं मग दोन गोष्टी केल्या. एक, वहीतली जुनी उचल सोडून दिली. जी पोरं लाजून तोंड चुकवत होती, त्यातली दोघं त्यामुळे परत आली. दुसरी, एका दिवशी दोन मोठे मांडव घ्यायचं बंद केलं. एक मोठा, तीन लहान, बास. लातूरचे इव्हेंटवाले मोठी लग्नं उचलतात तर उचलू देत.

आणि त्या ३१ नावांचं काय झालं? पुढे ढकललेल्या चौदापैकी बारा लग्नं आमच्याच मांडवात लागली, जुन्या दरानं. तोपर्यंत डिझेल आणि मजुरी वाढलेली, त्यामुळे त्यातल्या काहींत पदरचे पैसे गेले. पण ज्या आठ घरांना ॲडव्हान्स परत दिला होता, त्यातली पाच घरं पुढच्या दोन वर्षांत दुसऱ्या मुलाच्या, पुतणीच्या, भाचीच्या लग्नाची ऑर्डर घेऊन आली. सोबत शेजाऱ्यांनाही घेऊन आली. जाहिरातीवर दादानं एक रुपया खर्च केला नव्हता. माझ्या ऑफिसमध्ये याला 'गुडविल' म्हणतात आणि ताळेबंदात त्याचा वेगळा कॉलम असतो. दादाच्या वहीत असा कॉलम नाही. पण बँकेनं ८० हजार दिले, आणि या पाच घरांनी त्याच्या कितीतरी पट काम दिलं.

आज काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये त्या ८० हजारांचा शेवटचा हप्ता गेला. धंदा २०१९ एवढा मोठा अजून झालेला नाही, आणि दादाला तो करायचाही नाही. दुकानात क्यूआर कोड लागलाय, ॲडव्हान्स आता निम्मा घेतला जातो. आणि सीझनच्या कमाईतला एक हिस्सा वेगळ्या खात्यात पडतो. त्या खात्याला घरात सगळे 'मार्च' म्हणतात. 'मार्चमध्ये किती आहेत?' असा प्रश्न आमच्याकडे ऑक्टोबरमध्येही विचारला जातो!

ते खातं लागणार आहेच. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातलं सोयाबीन पाण्यात गेलं. 'सोयाबीन झाल्यावर देतो' म्हणणाऱ्यांची नावं वहीत आहेत. दादानं अजून एकालाही तगाद्याचा फोन केलेला नाही. "ज्याला जमतंय तो आपणहून येतोय की. उरलेल्यांच्या घरी जाऊन बघायचं, मागायला नाही," तो म्हणतो.

घरच्या धंद्याला विचारा हे चार प्रश्न

तुमच्याही घरी, गावी दुकान, गिरणी, गॅरेज, मेस असं काहीतरी असेलच. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की नुसतं जेवून परत येऊ नका. हे विचारा :

* वर्षातल्या कोणत्या महिन्यात हातात सगळ्यात कमी पैसे असतात? त्या महिन्याची सोय आत्ता काय आहे?
* लोकांचे किती पैसे आपल्याकडे अडकलेत? उद्या धंदा बंद पडला तर ते कोणत्या क्रमानं परत देणार?
* धंद्याचा कागद आहे का? उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट असते. सरकारी मदत येते तेव्हा ती कागद बघून येते.
* कोणती वस्तू विकली तरी धंदा चालेल आणि कोणती विकली तर बंद पडेल? हे अडचण आल्यावर नाही, आधी ठरवा.

उत्तरं देताना घरचे आधी हसतील. 'तुला काय करायचंय, तुझी नोकरी बघ,' म्हणतील. तरी वही मागाच. आणि या सीझनला कुठल्या लग्नाला गेलात, तर जेवणाच्या रांगेत उभं राहिल्यावर एकदा वर बघा. झालरीला ठिगळ दिसलं तर ते कुणीतरी मुद्दाम लावलेलं असतं.